चांदण्यातले कौल

कोजागरीच्या सुमारास आपल्याकडची मुले चांदण्या रात्रीचे चित्र हमखास काढतात. आकाश गडद निळे, चंद्र पांढरा आणि घराची कौले लालभडक! त्या लाल रंगाने चित्रातली रात्र मोडते.

चांदणे म्हणजे चंद्रावरून परतलेला सूर्यप्रकाशच, पण पौर्णिमेलाही तो उन्हापेक्षा सुमारे ४ लाख पटींनी मंद. एवढ्या अंधुक उजेडात डोळ्यांना लाल रंग काळपट दिसतो आणि निळे-हिरवे त्या मानाने उजळ वाटतात. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने १९व्या शतकात हे नोंदवून ठेवले. गंमत अशी, की चांदणे मुळात निळे नसतेच. उन्हाच्या तुलनेत ते किंचित तांबूसच असते. निळाई आपल्या डोळ्यांची.

सीमाभागाचे चित्र काढणाऱ्याला हे माहीत हवेच. बेळगाव-खानापूरकडची तांबडी माती, जांभ्याच्या भिंती, कौले, दिवसा जे जे डोळ्यांत भरते ते सगळे रात्री विझते. निपाणीकडच्या काळ्या रानात जमीन आधीच गडद, त्यावर तंबाखूची रुंद पाने तेवढी उजेड झेलतात. जुने कौलारू घर चांदण्यात सर्वांत काळे, तर शेजारच्या नव्या घराचा स्लॅब सर्वांत फिकट. आजचे गाव रंगवायचे तर तो स्लॅबही काढावा. नुसती कौलारू गावे कॅलेंडरवाल्यांना पुरेशी आहेत.

पेटीतला तयार काळा शक्यतो वापरू नये, त्याने चित्र मेल्यासारखे दिसते. अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सिएना मिसळा. दोन्हींच्या कमी-जास्त प्रमाणाने थंड आणि उबदार असे दोन्ही करडे मिळतात. छटा एकमेकींच्या जवळ ठेवा, झाडाची कड सावलीत हरवू द्या. चित्रातली शांतता त्यातूनच येते.

आणि दिवा? सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांचे 'ग्लो ऑफ होप' म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. पुष्कळ जण ते रविवर्म्याचे समजतात. जलरंगातल्या त्या चित्रात बाईच्या हातातली एक ज्योत सगळा चेहरा उजळते. चांदण्याच्या चित्रात मात्र दिव्याला एवढी मोकळीक देऊ नये. खिडकीत नखाएवढा पिवळा ठिपका ठेवला, की घरात कोणीतरी जागे आहे असे वाटते. तो पुसला, तर तेच घर ओसाड होते. ठिपका मोठा झाला, तर चंद्राकडे कोणी बघत नाही.