दमवेलीचं पान, पालकाचं पान

दमवेल आपला गुण नावातच मिरवते. सकाळी अनशापोटी एक पान चावून खायचं, आठवडाभरात दम लागायचा थांबतो, अशी तिची ख्याती. साठच्या दशकाच्या अखेरीस दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधल्या डॉ. शिवपुरी आणि सहकाऱ्यांनी ही ख्याती पारखून पाहायचं ठरवलं. त्यांनी ११० दमेकरी घेतले. निम्म्यांना सहा दिवस रोज दमवेलीचं एक पान दिलं, आणि उरलेल्यांना अगदी त्याच पद्धतीनं पालकाचं पान.

आठवड्याअखेरीस दमवेल खाणाऱ्यांपैकी ६२ टक्के लोकांना बऱ्यापैकी किंवा पूर्ण आराम पडला होता. वेल जिंकली म्हणायची. पण माझी नजर दुसऱ्याच आकड्यावर अडकते. पालक खाणाऱ्यांपैकी २८ टक्क्यांनाही तसाच आराम पडला होता. पालकानं!

यात पालकाची काही करामत नाही. दम्याचा स्वभावच भरती-ओहोटीचा आहे. माणूस औषध शोधायला निघतो तेव्हा त्याचा त्रास टोकाला पोचलेला असतो, आणि टोकावरून पुढे बहुतेकदा उतारच असतो. मधल्या काळात पोटात जे गेलं असेल, त्याला श्रेय मिळतं. ‘आमच्या मामांचा दमा अमक्या चाटणानं गेला’ असं सांगणारा खोटं बोलत नसतो. दिल्लीतले ते पालकवालेही आयुष्यभर हेच सांगत फिरले असते.

या प्रयोगात आणखी एक गोम होती. दमवेल खाणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांचं तोंड आलं, जिभेला मिठाची चव लागेना, सकाळी मळमळू लागलं. म्हणजे आपल्याला ‘खरं’ औषध मिळालंय हे त्यांनी ओळखलं असणार. पुढे १९७९मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या भारतीय चाचणीत दमवेल आणि खोटं औषध यांत फरकच दिसला नाही. वेल तेव्हापासून अधांतरीच लटकते आहे.

म्हणून आजीबाईचा बटवा हसण्यावारी न्यावा असं मात्र नाही. परसातला अडुळसा घ्या. त्याच्या पानांतलं व्हॅसिसीन हे द्रव्य १८८८मध्ये वेगळं काढलं गेलं. त्याच्या रेणूवर काम करत जर्मन रसायनज्ञांनी विसाव्या शतकात ब्रोमहेक्सीन बनवलं, आणि त्यातूनच पुढे अँब्रॉक्सॉल आलं. घरातल्या खोकल्याच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचून पाहा, या दोघांपैकी एक नाव बऱ्याचदा सापडेल. दम्यासाठी धोतऱ्याचा धूर ओढायची आपल्याकडची पद्धत मद्रासमधल्या इंग्रजांनी १८०२च्या सुमारास विलायतेला नेली आणि तिकडे दम्याच्या सिगारेटी विकल्या जाऊ लागल्या! धोतऱ्यात ॲट्रोपीन असतं. आज नेब्युलायझरमध्ये घालतात ते इप्राट्रोपियम त्याचंच सुधारलेलं भावंड. इजिप्तमधल्या खेल्ला नावाच्या रानवनस्पतीपासून निघालेल्या धाग्यानं क्रोमोग्लायकेट हे औषध दिलं. ते शोधणारे डॉ. रॉजर अल्टुनियन स्वतः दमेकरी होते. गिनीपिगच्या केसांचा अर्क हुंगून ते मुद्दाम स्वतःचा दमा उठवत आणि मग एकेक रसायन स्वतःवरच आजमावत. त्यांचं धाडस वाचून आपल्यालाच धाप लागते.

तेव्हा झाडपाल्यात औषध आहेच. प्रश्न आहे तो कोणत्या दुखण्यावर, आणि किती. अडुळसा बेडका पातळ करतो, पण श्वासनलिकेच्या आतली सूज तो उतरवत नाही. दमा म्हणजे मुळात ती सूज. सुजलेली नळी जराशा निमित्तानं आवळते, आत चिकट कफ साठतो आणि उरलेल्या फटीतून हवा शीळ घालत जाते. शिवाय व्हॅसिसीननं गर्भाशयाचं आकुंचन होतं, म्हणून गरोदरपणी अडुळशाचा काढा नकोच. धोतरा तर सरळसरळ विषारी. एका बोंडात किती द्रव्य आहे ते कोणी नजरेनं सांगू शकत नाही.

मला विचाराल तर दम्याच्या बाबतीत परंपरेनं दिलेली मोलाची गोष्ट काढ्याच्या भांड्यात नाही, दोरीवर वाळत घातलेली आहे. चरकसंहितेत दमा ‘तमक श्वास’ या नावानं वर्णिला आहे. रोग्याला आडवं होता येत नाही, बसल्यावर बरं वाटतं, धूळ, धूर, गारवा आणि ढगाळ हवा त्याला बाधते. आजच्या छातीच्या डॉक्टरांनी केलेली यादी याहून फार वेगळी नसते. आणि त्या यादीतल्या धुळीचंच बोलायचं, तर आमच्या घरी घट बसायच्या आधी एक दिवस गोधड्यांचा असायचा. घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण ओढ्यावर जायचं, दगडावर आपटून धुतलं जायचं आणि भाद्रपदाच्या उन्हात खडखडीत वाळायचं.

कारण सोवळ्याचं होतं, पण वेळ अचूक होती. गादी-गोधडीत राहणारा धुळीतला किडा मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा असतो आणि आपल्या कातडीच्या कोंड्यावर जगतो. त्याला पाणी पिता येत नाही. तो हवेतला दमटपणा शोषतो. पावसाळ्याचे चार महिने त्याची चंगळ. हवा कोरडी पडली, आर्द्रता पन्नास टक्क्यांखाली गेली, की तो सुकून मरतो. पण दमा उठवतात ती त्याच्या विष्ठेतली प्रथिनं, आणि ती तो मेल्यावरही गोधडीत तशीच राहतात. पाण्यानं ती बरीचशी निघून जातात. म्हणजे धुणं आणि ऊन दोन्ही हवं. आता गोधड्या दिवाणात कोंबलेल्या असतात, थंडी पडली की तशाच बाहेर येतात आणि पहिल्याच रात्री कुणाची तरी छाती घरघरू लागते. अंथरूण झटकायचं काम मात्र दमेकऱ्यानं करू नये. केर काढण्याआधी पाणी शिंपडायची जुनी रीतही शहाणपणाचीच. तेवढ्यानं दमा बरा होतो असं नाही. नुसती गादीला खोळ घालून काय फरक पडतो हे चाचण्यांत पाहिलं गेलं, आणि मोठ्या माणसांत तो पडला नाही.

परंपरेतल्या सगळ्याच गोष्टी दमेकऱ्याच्या बाजूच्या नाहीत, हेही सांगायला हवं. धूप, उदबत्ती, चुलीचा धूर त्याला मानवत नाहीत, आणि धुरानं ‘हवा शुद्ध होते’ म्हणून सांगणाऱ्यांनी रात्री त्याच्या उशाशी बसून पाहावं. डास पळवणारी कॉइल त्याहून वाईट. एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते, असं २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापात आढळलं. मच्छरदाणी लावा.

आणि पंप. ‘पंपाची सवय लागते’ हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की कंटाळा आला. आवळलेली नळी मोकळी करणाऱ्या सॅल्ब्युटामॉलची ४ मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे पंपाचे ४० दाब. औषध थेट नळीत पोचतं म्हणून पंपात ते इतकं थोडं पुरतं. सूज उतरवणारा पंप वेगळा असतो, आणि तो बरं वाटत असतानाही रोज घ्यायचा असतो. उलट ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड सापडलंय. चार दिवसांत जादू झाली, भूक खवळली, चेहरा गोल दिसू लागला, तर ती पुडी वैद्याला नाही, प्रयोगशाळेला दाखवावी.

आल्याचा चहा प्या, हळदीचं दूध प्या, त्यानं घशाला बरं वाटतं. पण पंप घेऊनही उतार पडत नसेल, एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर काढा उकळत ठेवू नका. रोग्याला बसता ठेवा, पंप देत राहा आणि १०८ नंबर फिरवा.