कळ दाबण्यापूर्वी : राउटर आणि शेपर यंत्रांची मांडणी

मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. पण आमचे घराणे सुताराचे. आजोबांचा खाचेचा रंधा अजून आमच्या माळ्यावर आहे. एका चौकटीला खाच काढायला ते बसले, की न्याहारी थंड होऊन जाई तरी उठत नसत. तेच काम आज राउटर काही मिनिटांत करतो. गावोगावच्या सुतारांकडे आता हे यंत्र आले आहे. आनंदाची गोष्ट आहे. पण यंत्र दुकानातून आणता येते, त्याची रीत मात्र कुणाकडून तरी शिकावी लागते. ती शिकायची राहून गेली तर काय होते, ते आमच्या घरातच घडले.

माझ्या चुलत भावाने राउटर एका टेबलाखाली उलटा बसवून घेतला होता. टेबल भिंतीला लागून, उजव्या अंगाला जागा नाही. एके दिवशी लांब पट्टीचे काम आले. पट्टी उजवीकडून सरकवायची, तर भिंत आड येते. म्हणून त्याने ती डावीकडून सरकवली. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पट्टी हातातून हिसकली गेली आणि तिच्यामागोमाग हात कटरवर गेला. दोन बोटांची टोके गेली. तो आजही म्हणतो, "दादा, माझा हात चुकला." मी त्याला सांगतो, "अरे, हात नाही चुकला. तुझे टेबल चुकीच्या जागी होते."

म्हणून आज यंत्र कसे चालवावे यापेक्षा कळ दाबण्यापूर्वी काय करावे, हेच मुख्यतः सांगणार आहे.

प्रथम ओळख करून घेऊ. राउटरमध्ये एक वेगवान मोटार असते आणि तिच्या टोकाच्या पकडीत, म्हणजे कोलेटमध्ये, कटर बसवतात. तो मिनिटाला दहा हजारांपासून पंचवीस-तीस हजारांपर्यंत फेरे घेतो. शेपर त्याचा थोरला भाऊ. काही ठिकाणी त्याला स्पिंडल मोल्डर म्हणतात. जड लोखंडी टेबलातून एक उभा दांडा वर येतो, त्यावर मोठा कटर बसतो. त्याचे फेरे कमी, साधारणपणे तीन ते दहा हजार. पण कटर मोठा आणि ताकद जास्त. (कार्यशाळेत लोखंड छिलणारा शेपर असतो, तो वेगळा.)

आता दिशा. सगळ्या गोष्टींचे मूळ इथे आहे. लाकूड नेहमी कटरच्या फिरण्याविरुद्ध सरकवायचे. मग कटर लाकडाला मागे रेटतो, आपण पुढे ढकलतो आणि काम आपल्या ताब्यात राहते. फिरण्याच्या दिशेने सरकवले, तर कटर लाकूड ओढून नेतो.

शिक्षक बंधुभगिनींना हे वर्गात दाखवता येईल. सायकल उलटी उभी करा, पुढचे चाक बेताने फिरवा आणि टायरच्या वरच्या बाजूला पुठ्ठा टेकवा. बोटे आऱ्यांपासून दूर ठेवा. फिरण्याविरुद्ध सरकवलेला पुठ्ठा हाताला रेटा देतो. फिरण्याच्या दिशेने सरकवलेला हातातून निसटू पाहतो. मुले हे जन्मात विसरणार नाहीत.

हातात धरलेल्या राउटरचा कटर वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. फळीच्या बाहेरच्या कडेने जाताना राउटर काट्यांच्या उलट न्यावा. चौकटीच्या आतल्या कडेने जाताना काट्यांप्रमाणे. टेबलाखाली तोच राउटर उलटा होतो, म्हणून फिरणेही उलटे दिसते. तिथे आडपट्टी पलीकडे ठेवून लाकूड उजवीकडून डावीकडे सरकवावे. शेपरला बहुधा उलटसुलट फिरवण्याची कळ असते. तेव्हा दरवेळी लाकूड न लावता क्षणभर चालवून दिशा पाहावी आणि टेबलावर खडूने बाण काढावा. लाकूड कटर आणि आडपट्टी यांच्या मधून कधीही घालू नये. तिथे अडकलेली पट्टी बाणासारखी सुटते.

जागा निवडताना सर्वांत लांब फळी डोळ्यांसमोर आणावी. यंत्राच्या उजवीकडे तेवढी आणि डावीकडेही तेवढी जागा मोकळी हवी. टेबल डगमगता कामा नये. उजेड भरपूर हवा, पायाखाली ढलप्या नकोत.

कटर बसवताना आधी पिन भिंतीतून काढून नजरेसमोर ठेवावी. कोलेट पुसून घ्यावा. चिमूटभर भुशानेही पकड ढिली होते. कटरचा दांडा तळापर्यंत घालून दोन-तीन मिलिमीटर वर उचलावा आणि मग पान्ह्याने आवळावे. सहा मिलिमीटरचा दांडा आठच्या कोलेटमध्ये कागद गुंडाळून बसवणारे महाभाग मी पाहिले आहेत. असे कदापि करू नये. शेपरवर घरी घासलेली सुटी पाती चिमटवून लावण्याची जुनी खोड आहे. असे पाते सुटले तर समोरचा माणूस जिवाला मुकू शकतो. कारखान्यात तयार झालेला कटरच लावावा आणि त्यावर लिहिलेला वेग ओलांडू नये.

वेगाचा हिशेब सोपा आहे. पन्नास मिलिमीटर व्यासाचा कटर मिनिटाला २४,००० फेरे घेऊ लागला, तर त्याची धार सेकंदाला सुमारे ६३ मीटर धावते, म्हणजे ताशी सव्वादोनशे किलोमीटर! म्हणून कटर जितका मोठा, तितके फेरे कमी. राउटरवर पंचवीस मिलिमीटरपर्यंतच्या कटरला २४,००० चालतील. पन्नासच्या कटरला १८,००० पुरेत. पंचाहत्तरच्या पुढे १२,००० पेक्षा जास्त नकोत.

आडपट्टीचे तोंड कटर जेमतेम मावेल एवढेच ठेवावे. फळीची पूर्ण कड छिलायची असेल, तर डावीकडची पट्टी जेवढे लाकूड निघणार तेवढीच पुढे घ्यावी, नाहीतर छिललेली कड अधांतरी राहते. मग कटर हाताने एक फेरा फिरवून कुठे घासत नाही ना, हे पाहावे. पान्हा काढून घ्यावा, झाकण बसवावे आणि टाकाऊ तुकड्यावर एकदा चालवून बघावे.

एका दमात खोल जाण्याचा मोह टाळा. दहा मिलिमीटरची खाच तीन-चार वेळा मिळून काढावी. फळीच्या चारही कडा घडवायच्या असतील, तर आधी आडव्या तंतूंच्या कडा घ्याव्या, मग उभ्या; कोपऱ्यावर उडालेली चिप दुसऱ्या खेपेला निघून जाते. तुकडा लहान असेल तर मोठ्या फळीचीच कड घडवावी आणि नंतर पट्टी कापून घ्यावी. गाठ असलेले किंवा खिळा राहिलेले जुने लाकूड यंत्राला दाखवूच नये. बोटे कटरपासून वीतभर लांब असावीत. शेवटचा भाग ढकलकाठीने सरकवावा. एका फळकुटाच्या टोकाला कंगव्यासारखे चीर पाडून ते टेबलाला शिकंज्याने आवळले, की लाकूड आपोआप आडपट्टीला दाबून राहते. खर्च शून्य!

आपल्या खेड्यांत आणखी एक धोका आहे, वीज जाण्याचा. वीज गेली, आपण कळ बंद करायला विसरलो, आणि यंत्रात डोके घातले असताना वीज आली, तर? वीज गेल्यावर स्वतःहून तुटणारी आणि पुन्हा दाबल्याशिवाय न जुळणारी कळ मिळते. ती शेपरला बसवलीच पाहिजे. अर्थिंगही पक्के हवे. कळ बंद केली तरी कटर काही वेळ फिरत राहतो. लाकूड दाबून त्याला थांबवू नये.

हातमोजे घालू नयेत. कटर मोजा पकडतो आणि हात ओढून घेतो. उपरणे, लोंबती बाही, अंगठी, कडे काढून ठेवावे. डोळ्यांना चष्मा, कानांना बोळे, नाकातोंडाला मुखपट्टी हवी. लाकडाच्या भुशाने नाकाचा कर्करोग होऊ शकतो, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये दिला आहे.

१९४८ च्या कारखाने कायद्याच्या २१ व्या कलमाने यंत्रांचे धोक्याचे भाग झाकणे बंधनकारक केले होते. पण मूळ कायदा होता वीज वापरणाऱ्या आणि दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठी. घराच्या पडवीत एकटा काम करणारा सुतार त्यात बसत नव्हता. त्याचा निरीक्षक तो स्वतःच.

माझा भाऊ अजून धंदा करतो. टेबल त्याने खोलीच्या मधोमध आणले आहे. त्याचा मुलगा हाताखाली आला आहे. पोरगा रोज सकाळी यंत्राजवळ जातो, पिन काढलेली आहे ना ते पाहतो, कटर हाताने फिरवतो आणि खडूचा बाण पुसला असेल तर पुन्हा काढतो. पाच मिनिटे जातात. बाप बाजूला उभा राहून बघतो. त्या पाच मिनिटांत तो पोराला कधी घाई करत नाही.