अ‍ॅव्हेंजर्स: एज ऑफ अल्ट्रॉन
'अ‍ॅव्हेंजर्स: एज ऑफ अल्ट्रॉन' हा २०१५ साली प्रदर्शित झालेला, जॉस व्हेडन लिखित व दिग्दर्शित अमेरिकन चित्रपट आहे. मार्व्हल स्टुडिओजच्या 'द अ‍ॅव्हेंजर्स' (२०१२) या चित्रपटाचा हा उत्तरभाग होय. जगाच्या रक्षणासाठी टोनी स्टार्क व ब्रूस बॅनर यांनी घडविलेली कृत्रिम बुद्धिमत्ता, अल्ट्रॉन, मानवजातीच्याच मुळावर उठते, असे याचे कथानक आहे.

प्रतिसाद

चित्रपटाने जगभरात सुमारे १४० कोटी डॉलर मिळविले; तरीही पहिल्या भागाचा आकडा त्याला गाठता आला नाही. पात्रांची दाटी आणि आगामी चित्रपटांची पूर्वतयारी यांवर अनेक समीक्षकांनी बोट ठेवले. थॉरचा गुहेतील प्रसंग त्यांना उपरा वाटला, आणि तो तसा होताच. हॉकआयच्या शेतघरातील प्रसंग राखायचे असतील तर गुहा घ्यावी लागेल, असा स्टुडिओचा आग्रह होता, हे व्हेडन यांनी पुढे मुलाखतीत सांगितले. वस्तुतः शेतघरातील हे निवांत प्रसंगच चित्रपटाचे बलस्थान होत.

सर्वाधिक वाद झाला तो नताशा रोमानॉफच्या एका संवादावरून. प्रशिक्षणकाळात आपल्यावर वंध्यीकरण लादले गेल्याचे ती बॅनरला सांगते आणि लगेच स्वतःची गणना राक्षसांत करते. अपत्यहीन स्त्रीला राक्षसी ठरविले, असा आक्षेप अनेकींनी घेतला. तिचा रोख मारेकरी म्हणून झालेल्या घडणीकडे आहे, असे समर्थकांचे म्हणणे. संवादात हत्येचा उल्लेख ओझरता आणि वंध्यत्वाचा सविस्तर असल्याने आक्षेप निराधार म्हणता येत नाही.

अ‍ॅव्हेंजर्स मालिकेतील पुढील दोन चित्रपट रूसो बंधूंनी दिग्दर्शित केले.