वाघाची हद्द वाघीण ठरवते

टिपेश्वर अभयारण्यातल्या टी-१ वाघिणीचा एक तरणा नर बछडा जून २०१९मध्ये बाहेर पडला आणि डिसेंबरच्या सुरुवातीला बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन थांबला. तोवर तो तेराशेहून अधिक किलोमीटर चालला होता. एप्रिल २०२०मध्ये गळ्यातली रेडिओ कॉलर काढली तेव्हा हा आकडा तीन हजारांच्या घरात गेला होता. अशा वाघाला आपण वाट चुकलेला म्हणतो, पण तो जागा शोधत असतो. दोनेक वर्षांचा झाला की नराला आईचा मुलूख सोडावाच लागतो. टिपेश्वर जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचं. तिथला थोराड नर कोवळ्याला टिकू देत नाही. सिंहांमध्ये भाऊ-भाऊ मिळून कळपाचा ताबा घेतात, वाघाला मात्र सगळं एकट्यानं करावं लागतं. वाघीण सावज, पाणी आणि पिल्लांसाठी आडोसा बघून हद्द धरते; नर अशा एक-दोन हद्दींवर आपली हद्द पसरतो, झाडांवर मूत्राचे फवारे मारून आणि सालीवर नखांचे ओरखडे काढून ती राखतो. ज्ञानगंगेच्या २०५ चौरस किलोमीटरमध्ये रोही होते, रानडुकरं होती, बिबटे आणि अस्वलंही होती. वाघीण नव्हती.

मग एक वाघीण आणून सोडावी, ही सूचना तेव्हा झाली होती. वरवर ती सरळ वाटते. पण तिला पिल्लं झाली, की दोन वर्षांनी त्यातले नर याच वाटेला लागणार, आणि बाहेरच्या जंगलांशी ये-जा नसेल तर उरलेल्यांची वीण आपसातच होणार. म्हणून आधी वाट राखली पाहिजे, वाघीण नंतर. यावर शेतकरी विचारील, आमच्या शिवारातून वाघ कशाला? प्रश्न रास्त आहे, कारण या वाघानं वाटेत गुरं मारली होती. मात्र एवढ्या प्रवासात माणूस जखमी झाला तो एकदाच, तोही वाघ दडलेल्या झुडपात काही जण शिरले तेव्हा. एरवी तो रात्री ओढ्या-नाल्यांच्या काठानं, पऱ्हाटीतून, कधी रस्त्याच्या कडेनं माणसाला टाळत सरकत राहिला. मार्च २०२१मध्ये टिपेश्वरचाच आणखी एक नर गौताळा अभयारण्यात दिसला, म्हणजे ही वाट एकट्याची नाही. नाल्याकाठची झाडी शाबूत ठेवणं, डुकरांसाठी कुंपणात सोडलेली वीज थांबवणं आणि मेलेल्या बैलाची भरपाई पुढच्या पेरणीआधी हातात देणं, ही कामं वन खात्यानं वाघीण आणण्याच्या आधी उरकावीत.