ध्रुवीय परिषदा आणि तरुण संशोधकाचा वाटखर्च

परिषदेला जाणाऱ्या शास्त्रज्ञाविषयी आपल्याकडे एक समज फार रूढ आहे. चार दिवस परदेशात हिंडायचे, मेजवान्या झोडायच्या, एक निबंध वाचायचा आणि परत यायचे. त्यासाठी सार्वजनिक पैसा का खर्चावा? हा आक्षेप आम्ही थट्टेवारी नेणार नाही. पैसा लोकांचा आहे, तेव्हा हिशेब मागण्याचा हक्कही लोकांचाच आहे. मात्र तो नीट मागायचा, तर आधी हे शास्त्र चालते कसे ते पाहिले पाहिजे.

ध्रुवप्रदेशाचे शास्त्र एकट्यादुकट्याने करता येत नाही. एकेका राष्ट्राने स्वतंत्र मोहिमा काढण्यापेक्षा अनेकांनी एकाच वेळी, एकाच पद्धतीने निरीक्षणे घ्यावीत, असा आग्रह कार्ल वायप्रेख्त या दर्यावर्दी संशोधकाने धरला. त्यातूनच १८८२-८३ चे पहिले आंतरराष्ट्रीय ध्रुववर्ष साकार झाले. पुढे दक्षिण ध्रुवखंडासाठी १९५८ साली ‘स्कार’ ही वैज्ञानिक समिती आणि उत्तरेसाठी १९९० साली आंतरराष्ट्रीय आर्क्टिक विज्ञान समिती स्थापन झाली. स्कारची खुली परिषद दर दोन वर्षांनी भरते. कोणाच्या जहाजावर कोणाला जागा मिळेल, बर्फाचे नमुने कोणत्या प्रयोगशाळेत तपासता येतील, अशा कितीतरी गोष्टींची सुरुवात तेथल्या ओळखींतून होते. निबंधवाचन हे निमित्त. खरे काम पुष्कळदा सभागृहाबाहेरच्या ओसरीवर होते.

मग ज्येष्ठांनी जावे, पोरांचे तेथे काय काम? याला उत्तर म्हणून एकच उदाहरण देतो. १९८५ साली फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या तिघांनी अंटार्क्टिकावरील ओझोनचा ऱ्हास जगापुढे मांडला. त्यांपैकी शँकलिन हे १९७७ साली ब्रिटिश अंटार्क्टिक संस्थेत रुजू झालेले तरुण होते, आणि साचून राहिलेल्या जुन्या नोंदी संगणकात भरण्याचे रटाळ काम त्यांच्याकडे होते. त्या नोंदी हाताखालून गेल्या म्हणूनच घट नजरेत भरली. तात्पर्य, आकड्यांशी ज्याची रोजची झटापट चालते, तोच त्यांच्याविषयी नेमके बोलू शकतो. आणि तो बहुधा तरुण असतो.

आता पैशाकडे वळू. वर सांगितलेल्या दोन्ही समित्या नवोदितांना प्रवासासाठी साहाय्य देतात. आपल्याकडे सरकारी योजनांतूनही ते मिळू शकते. रीत साधारण अशी: आधी निबंधाचा गोषवारा परिषदेकडून मान्य व्हावा लागतो, मग खर्चाचा अंदाज आणि मार्गदर्शकाचे शिफारसपत्र जोडून अर्ज करायचा. निवड झाली तरी पुष्कळदा मदत खर्चाच्या काही भागापुरतीच असते. आणि पुष्कळ योजनांत ती हातात पडते परत आल्यावर, तिकिटे व पावत्या सादर केल्यानंतर.

आमच्या मते खरी मेख येथेच आहे. २०२४ ची स्कार परिषद चिली देशात पुकोन येथे भरली. भारतातून तेथवर जाऊन येण्याचे विमानभाडे लाखाच्या वर सहज जाते. आणि कनिष्ठ संशोधकाचे विद्यावेतन २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. प्रवेशपत्र, नोंदणी, राहणे हे सारे आणखी वेगळे. ही रक्कम आधी कोणी घालायची? ज्याच्या घरी शिल्लक आहे तो घालतो आणि परतफेडीची वाट पाहतो. ज्याच्या घरी नाही तो उसनवारी करतो, किंवा अर्जच करीत नाही. जो अर्जच करीत नाही, त्याची नोंद कोणत्याही अहवालात येत नाही. गरजूंसाठी काढलेली योजना अशा रीतीने गरजूलाच गाळून टाकते.

घरबसल्या परिषद हा यावर उपाय नाही काय? काही अंशी आहे. भारताने यजमानपद घेतलेली २०२२ ची स्कार परिषद पडद्यावरच भरली, आणि भाड्याचा प्रश्नच उरला नाही. पण व्याख्यान पडद्यावर ऐकता येते. अनोळखी माणसाशी सहज गप्पा होऊन एखाद्या मोहिमेचे बोलावणे येणे मात्र पडद्यावर क्वचितच घडते.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, मदतीची रक्कम थोडी असली तरी चालेल, पण ती निघण्यापूर्वी द्यावी. निदान तिकीट आणि नोंदणीचे पैसे संस्थेने परस्पर भरावेत. हिशेब नंतर काटेकोर घ्यावा, त्याला आमची ना नाही.

१९८१ साली आपली पहिली अंटार्क्टिक मोहीम गोव्याहून निघाली. आज त्याच गोव्यात, वास्को येथे, आपले राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन केंद्र आहे. दक्षिणेत ‘मैत्री’ व ‘भारती’, उत्तरेत ‘हिमाद्री’ ही ठाणी आहेत. पुढचे ध्रुववर्ष २०३२-३३ मध्ये योजले आहे. त्या वेळी या ठाण्यांवरची कामे ज्यांच्या खांद्यावर पडतील, ते आज कोठेतरी वसतिगृहाच्या खोलीत बसून अर्जातील खर्चाचा रकाना भरीत आहेत. तो रकाना पाहून त्यांनी अर्ज बाजूला ठेवू नये, एवढी तजवीज करणे आपल्या हाती आहे.