संत्रें, मेणबत्ती आणि धर्मबोध

‘वस्तुपाठ’ हा शब्द आपल्या शाळांतून इतका रुळला आहे कीं, त्याचा धर्मशिक्षणाशीं कांहीं संबंध असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु आधीं वस्तु व मग शब्द, हें तत्त्व ज्यानें यूरोपांत हिरीरीनें मांडलें, तो कोमेनिअस स्वतः धर्मोपदेशकच होता. १६५८ सालीं निघालेलें त्याचें मुलांचें सचित्र पुस्तक प्रसिद्धच आहे. ज्या बंधुसंघाचा तो बिशप होता, त्याच्याच परंपरेंतून पुढें मोरेव्हियन पंथ उभा राहिला; आणि वस्तूच्या साहाय्यानें श्रद्धा शिकविण्याचा एक फार रमणीय प्रकार त्या पंथानें ख्रिस्ती जगाला दिला.

जर्मनींतील मारीएनबोर्न येथें २० डिसेंबर १७४७ रोजीं मुलांची नाताळची उपासना भरली होती. योहानेस फॉन वाटेव्हिल या बिशपानें ख्रिस्तजन्माचा अर्थ सांगितला आणि शेवटीं प्रत्येक मुलाच्या हातीं तांबडी फीत गुंडाळलेली एकेक पेटती मेणबत्ती दिली. मूळचा विधि एवढाच. संत्रें मागाहून आलें. १९६८ सालीं इंग्लंडांत लिंकन येथील कॅथीड्रलमध्यें बालकल्याणाचें कार्य करणाऱ्या एका संस्थेनें हा विधि केला, आणि तेव्हांपासून तो त्या देशांत फार लोकप्रिय झाला. संत्रें म्हणजे जग. त्याभोंवतींची तांबडी फीत म्हणजे ख्रिस्ताचें रक्त. चार काड्या म्हणजे चार ऋतु. काड्यांना टोंचलेले मनुके व मिठाई हीं धरणीचीं फळें. आणि माथ्यावरची मेणबत्ती म्हणजे जगाचा प्रकाश. हें सर्व मुलें आपल्या हातांनीं तयार करतात. उपासना संपेपर्यंत मिठाई काडीवर शिल्लक राहते कीं नाहीं, हा प्रश्न निराळा!

येथेंच शिक्षकाची खरी अडचण सुरू होते. प्रौढाला संत्र्यांत जग दिसतें. सहा-सात वर्षांच्या मुलाला संत्र्यांत संत्रेंच दिसतें. रोनाल्ड गोल्डमन या संशोधकानें इंग्लंडांतील सहा ते सतरा वर्षांच्या २०० मुलांना बायबलांतील तीन कथा ऐकवून प्रश्न विचारले. १९६४ सालीं प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा कीं, कुमारवय येईपर्यंत मुलें रूपक बहुधा शब्दशः घेतात. त्याच्या पद्धतीवर पुष्कळ टीका झाली आहे, व ती निराधारही नाहीं. तथापि सावधगिरीची सूचना म्हणून तो निष्कर्ष मोलाचा आहे.

रविवारच्या शाळांतून कधीं कधीं एक प्रयोग दाखवितात. पेल्यांतील स्वच्छ पाण्यांत गडद रंग टाकावयाचा, हें पाप. मग रंग उडविणारें द्रव्य ओतावयाचें, पाणी पुन्हां निर्मळ होतें, ही क्षमा. मला हा प्रयोग मुळींच आवडत नाहीं. लहान मुलाला जादू तेवढी आठवते, आणि रसायनशास्त्र शिकूं लागलेला मुलगा मनांतल्या मनांत हंसतो. त्याहून वाईट असें कीं, या पेल्यांतली क्षमा अगदींच स्वस्त आहे. ज्याचें वाईट केलें त्याच्यापुढें जाऊन उभें राहणें तीत नाहीं, घेतलेली वस्तु परत करणेंही नाहीं.

याच्या उलट हँबुर्ग येथील विखर्न या पाद्र्याचें चाक पाहा. निराधार मुलांच्या आश्रमांत ‘नाताळ केव्हां येणार?’ असें मुलें सारखीं विचारीत. १८३९ सालीं त्यानें गाडीचें एक जुनें चाक घेऊन त्यावर २० लहान तांबड्या आणि ४ मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसविल्या. रोज एक लहान आणि रविवारीं एक मोठी मेणबत्ती लावावयाची. येथें कोणत्याही वस्तूचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती. मुलांना वाट पाहावयाची होती, आणि चाक त्यांना वाट पाहावयास शिकवीत होतें.

रोममध्यें १९५४ सालीं सोफिया काव्हालेत्ती आणि माँटेसोरी पद्धतीच्या शिक्षिका जान्ना गोब्बी यांनीं सुरू केलेल्या वर्गांत लांकडी मेंढपाळ, मेंढरें व कुंपण मुलांच्या हातीं देतात. मेंढरें म्हणजे कोण, हें शिक्षिका सांगत नाहीं. ती विचारते आणि गप्प बसते. उत्तर त्या दिवशीं आलें नाहीं तरी ती घाई करीत नाहीं. सांगून टाकण्याचा मोह आवरणें हें शिक्षकाला फार कठीण जातें, हें ज्यानें शिकविलें आहे तोच जाणे.

तरुणांना मात्र खेळणीं नकोत, काम हवें. वसईंत व गोव्यांत नाताळापूर्वीं तरुण मंडळी ख्रिस्तजन्माचा गोठा उभारतात. माती, गवत, बांबू, दिवे, सर्व खटाटोप त्यांचाच. १२२३ सालीं संत फ्रान्सिसनें इटलींतील ग्रेच्चो गांवीं खरा बैल, खरें गाढव आणि गवतानें भरलेली गव्हाण आणविली, ती त्या बालकाला किती गैरसोय सोसावी लागली हें लोकांना डोळ्यांनीं दिसावें म्हणून. आतां गोठ्यांच्या स्पर्धा होतात, रोषणाई वाढते, आणि नेमकी ती गैरसोयच दिसेनाशी होते. म्हणून मार्गदर्शकानें पहिला बांबू रोवण्यापूर्वीं तरुणांना एवढेंच विचारावें: त्या रात्रीं अशी एक परकी, अवघडलेली बाई आपल्या आळींत आली असती, तर दार कोणी उघडलें असतें? त्यांत वाद होऊं द्यावा. गोठ्याचें काम एक दिवस मागें पडलें तरी चालेल.