बोलाला हाताची जोड

आज बोलू या घरातल्या सगळ्यांत लहान माणसाबद्दल. लेकरू शब्द कसे शिकतं आणि त्यात आपल्या हातांचं काम किती मोठं असतं, ते पाहू.

लेकराच्या कानावर दिवसभर शब्द पडत असतात. पण कोणता शब्द कशाचा, हे त्याला कसं कळावं? तुम्ही भाकरी करता करता म्हणालात, "वाटी". समोर परात आहे, तवा आहे, पीठ आहे, मांजरही बसलंय. यातली वाटी कोणती? आता तीच वाटी उचला, लेकराच्या नजरेसमोर हलवा आणि हलवता हलवताच म्हणा, "वाटी!" डोळ्यांना दिसलं आणि कानांना ऐकू आलं, दोन्ही एकाच क्षणी. शब्दाची आणि वस्तूची गाठ अशी बसते. मग वाटी त्याच्या हातात द्या. ते ती आपटेल, तोंडात घालेल. हाताला, जिभेलाही वाटी कळू द्या.

हे आपल्याला कोणी शिकवलेलं नाही, तरी आपण करतो. लक्ष्मी गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २४ भारतीय आयांचा अभ्यास केला, तो २०१५ साली छापून आला. आयांना सांगितलं होतं, की दोन वस्तूंची आणि दोन क्रियांची नवी नावं लेकरांना शिकवा. आया नाव घेताना वस्तू हलवत होत्या, बोल आणि हात एका तालात चालत होते. अमेरिकेतल्या आयाही असंच करतात, हे आधीच्या अभ्यासात दिसलं होतं.

वस्तू समोर राहते, पण क्रिया घडते आणि संपते. म्हणून 'ओत', 'झाक', 'उचल' हे शब्द जरा अवघड. पाणी ओतता ओतताच "ओत" म्हणा. मग गडू त्याच्या हाती द्या, "आता तू ओत". पाणी सांडेल, सांडू द्या. स्वतः केलेल्या कामाचा शब्द मनात पक्का बसतो.

साधारण नऊ ते बारा महिन्यांत लेकरू बोट दाखवू लागतं. ते त्याचं बोलणंच आहे. बोट शेळीकडे असेल तर शेळीबद्दलच बोला, "हो, शेळी! शेळी पाला खाते." त्याची नजर असते तिथला शब्द त्याला लवकर सापडतो. काही जणी म्हणतात, हातवारे केले तर पोरगं बोलायचा आळस करेल. तसं नाही. लहानपणी जी मुलं जास्त खाणाखुणा करतात, त्यांच्याकडे पुढे शब्दही जास्त असतात, असं अभ्यासात दिसलंय. टाटा, टाळ्या, काऊ-चिऊचा घास, तळहातावर बोट फिरवून मोराला बोलवायचा खेळ, हे सगळे शब्दांचेच धडे.

"कापूस वेचणीच्या दिवसांत वेळ कुठून आणायचा?" खरं आहे. म्हणून वेगळा वेळ काढू नका. अंघोळ, जेवण, कपडे घालणं ही कामं रोजची आहेतच, त्यात बोल मिसळा. आजीला, मोठ्या बहिणीला आणि बाबालाही सांगा. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात अंगणवाडीतून चाललेल्या 'आरंभ' उपक्रमाचा भरही यावरच आहे, की रोजच्या कामातच लेकराशी बोला, खेळा.

मोबाईल मात्र हे काम करत नाही. त्यात चित्र आहे, आवाज आहे, पण लेकरू कुठे पाहतंय हे त्याला दिसत नाही आणि तो उत्तरही देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलं, की दोन वर्षांच्या आत पडदा नकोच. दोन वर्षांनंतरही दिवसाला एका तासाहून जास्त नको, कमी असेल तेवढं बरं.

आणि बोला आपल्याच भाषेत. फुलसावंगीच्या आसपास तांडे आहेत. तांड्यावरच्या आईनं भाकरीला 'बाटी' म्हटलं तर काही बिघडत नाही. जी भाषा आईच्या तोंडी सहज येते, तिच्यातच बोलणं भरपूर होतं. मराठी अंगणवाडीत येईल, दोन्ही राहतील.

एवढं करूनही लेकरू आवाजाकडे वळत नसेल, वर्षाचं होऊनही खाणाखुणा करत नसेल, दीड वर्षाला एकही शब्द नसेल किंवा दोन वर्षांला 'पाणी दे' असे दोन शब्द जोडत नसेल, तर "होईल हळूहळू" म्हणून बसू नका. अंगणवाडी ताईंना किंवा आशाताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं, त्यांना दाखवा. पथकाची वाट पाहावी लागत असेल तर सरळ सरकारी दवाखान्यात न्या. कान आधी तपासून घ्या. ऐकू कमी येत असेल तर जितकं लवकर कळेल तितका उपाय सोपा.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीला लेकरं सोबत आणा. प्रत्येकीनं एक वस्तू आणि एक क्रिया निवडा, आठ दिवस तेच शब्द हातानं करून दाखवत म्हणा, आणि लेकरानं काय केलं ते एकमेकींना सांगा.